संगणक असूनही गाडी पेट्रोल का पिते?

परभणी जिल्ह्यात, विशेषतः जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी, वीस वर्षांपूर्वीच्या मारुती ८००, अल्टो, वॅगन-आर, सॅन्ट्रो अजून रोज रस्त्यावर असतात. एमएच २२ची पाटी, दुसरा नाही तर तिसरा मालक, आणि काम अगदी रोजचं: परभणीला दवाखान्यात जायचं, सेलूला लग्नाला जायचं, येलदरीकडच्या शेतावर खताची दोन पोती टाकून यायची. या गाड्यांबद्दल गॅरेजमध्ये एक तक्रार वारंवार येते. पूर्वी लिटरला सोळा-सतरा किलोमीटर जाणारी गाडी आता अकरा-बारावर आली. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागते. सकाळी गाडी चालू केली की अंगणभर पेट्रोलचा वास सुटतो. पीयूसीवाला ‘सीओ जास्त येतोय’ म्हणून गाडी परत पाठवतो. तरी इंजिनचा आवाज ठीक असतो, गाडी ओढतेही बरी.

मेकॅनिकच्या भाषेत ही गाडी ‘रिच’ चालते. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं, असा त्याचा अर्थ. कोडं इथेच आहे. कार्बोरेटरच्या गाडीत असं झालं तर नवल नव्हतं. तिथे स्क्रू होता, फ्लोट होता, जेट होती आणि त्यातलं काहीही बिघडू शकत होतं. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल संगणक मोजतो आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबाने. मग इतक्या काटेकोर यंत्राच्या हातून पेट्रोल जास्त कसं पडतं?

एका लिटरला नऊ हजार लिटर हवा

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. इंजिन हे मुख्यतः हवा ओढणारं यंत्र आहे, पेट्रोल त्यात चिमूटभर पडतं. म्हणून त्या चिमटीत थोडा फरक पडला तरी परिणाम मोठा होतो.

हवा कमी पडली की पेट्रोलमधल्या कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड व्हायचा तिथे कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे पीयूसीच्या कागदावरचा ‘सीओ’. काही कार्बन तर मुळीच जळत नाही. तो काजळी होऊन प्लगवर, सायलेन्सरमध्ये आणि ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर बसतो. काळा धूर तो हाच. निळसर धूर दिसला तर ऑईल जळतंय आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी जळतंय. ती दोन्ही दुखणी निराळी, त्यांचा इथे विचार नाही.

स्क्रू गेला, हिशोब आला

डिसेंबर १९८३ मध्ये आलेली पहिली मारुती ८०० कार्बोरेटरची होती. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी आदेश दिला: १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२. कार्बोरेटरवर युरो-२ गाठणं अवघड होतं. त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांत गाड्यांच्या पाठीमागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं झळकू लागली. अर्थ साधा आहे: प्रत्येक सिलेंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणारा स्वतंत्र इंजेक्टर. १९९८ मध्ये आलेली सॅन्ट्रो तर पहिल्यापासूनच अशी होती.

जगात हे तंत्र तोवर जुनं झालेलं होतं. बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर त्याच कंपनीने १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांसाठी आणला. आपल्या जुन्या अल्टोतल्या पद्धतीचा सगळा पाया या दोन गोष्टींत आहे.

मोंढ्यातला मुनीम

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. तिच्यामागे पंपाने साधारण तीन बार दाबाने पेट्रोल आणून ठेवलेलं असतं. तोटी किती वेळ उघडी ठेवायची हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. निवांत आयडलवर हा वेळ दोन-तीन मिलिसेकंद असतो, रेस दिली की वाढतो.

आता हा ईसीयू डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटखाली पेटीत बंद आहे. त्याला इंजिन दिसत नाही. मोंढ्यात गादीवर बसलेल्या मुनिमासारखी त्याची अवस्था असते. बाहेर किती पोती उतरली, माल ओला की कोरडा, हे मुनीम स्वतः पाहत नाही. मापाडी चिठ्ठी आणून देतो आणि मुनीम तिच्यावरून हिशोब करतो. गणितात तो पैचीही चूक करत नाही, पण चिठ्ठीच चुकीची आली तर हिशोबही तितकाच अचूकपणे चुकतो.

ईसीयूकडे मुख्य चिठ्ठ्या चार येतात. इनटेकमध्ये हवेचा दाब किती हे मॅप सेन्सर सांगतो. त्यावरून आणि इंजिनच्या फेऱ्यांवरून आत हवा किती गेली याचा अंदाज निघतो. (काही गाड्यांत दाबाऐवजी थेट हवा मोजणारा सेन्सर असतो.) इंजिन किती तापलंय हे कूलंट टेंपरेचर सेन्सर सांगतो. पाय किती दाबलाय हे थ्रॉटल सेन्सर सांगतो. आणि पेट्रोल जळून गेल्यावर धुरात ऑक्सिजन उरला का, हे ऑक्सिजन सेन्सर सांगतो.

ही शेवटची चिठ्ठी महत्त्वाची, कारण ती काम झाल्यानंतर येते. धुरात ऑक्सिजन शिल्लक असला की हा सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि शिल्लक नसला की ०.९ पर्यंत जातो. ईसीयू ते पाहून पेट्रोल जरा कमी, जरा जास्त करत राहतो. सेन्सरचा आकडा सतत वर-खाली नाचत असला तर सगळं ठीक आहे. तो एका जागी खिळला की काहीतरी बिघडलं आहे.

म्हणून इंजेक्शनची गाडी रिच चालू लागली की ‘ईसीयू गेला’ या निदानावर मी चटकन विश्वास ठेवणार नाही. ईसीयू क्वचित जातो. बहुतेक वेळा चिठ्ठी खोटी असते, नाही तर हिशोबाबाहेरचा माल मागच्या दाराने आत येत असतो. कोणती गोष्ट घडतेय हे ओळखता आलं की निम्मं काम झालं, आणि ते ओळखायचा एक चांगला मार्ग आहे.

दुरुस्तीचा आकडा काय सांगतो

ऑक्सिजन सेन्सरच्या चिठ्ठीवरून ईसीयू आपल्या मूळ हिशोबात किती टक्के वाढ किंवा घट करतोय, हा आकडा स्कॅनरवर दिसतो. त्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. एक ट्रिम क्षणाक्षणाला बदलते आणि दुसरी सावकाश शिकते. आपल्याला मुख्यतः दुसरी पाहायची. आता परभणी-जालन्यासारख्या शहरांतच नव्हे, तालुक्याच्या अनेक गॅरेजांतही स्कॅनर असतो. गाडी फार जुनी असेल तर त्या गाडीची भाषा समजणारा स्कॅनर शोधावा लागतो, एवढंच.

गाडी रिच आहे हे काळ्या प्लगवरून पक्कं झालं की ट्रिमचं चिन्ह पाहायचं. आकडा उणे पंधरा, उणे वीस असा असेल तर ईसीयूला जादा पेट्रोल कळलंय आणि तो जीव तोडून कपात करतोय, तरी कुठून तरी जास्त येतंय. आकडा अधिक पंधरा-वीस असून प्लग काळे असतील तर ईसीयू स्वतःच वाढवून देतोय, कारण धुरात ऑक्सिजन उरतोय असं त्याला कुणीतरी सांगतंय. आणि आकडा शून्यावर गोठलेला असेल, इंजिन अर्धा तास चालूनही हलत नसेल, तर ऑक्सिजन सेन्सरची चिठ्ठी ईसीयूने हातातच घेतलेली नाही. तो अजून ‘इंजिन थंड आहे’ या समजुतीवर, ठरावीक तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतोय.

आपल्या भागात हा तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यामागे एक साखळी आहे आणि तिची सुरुवात बोअरच्या पाण्यापासून होते.

मे महिन्यातही थंड राहिलेलं इंजिन

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. फवारलेल्यातलं बरंचसं भिंतींना चिकटून बसतं. म्हणून थंड असताना ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. जुन्या गाडीत चोक ओढायचो, त्याचंच हे आपोआप होणारं रूप. इंजिन तापलं की ही जादा मात्रा कमी होत जाते आणि ऐंशी अंशांच्या पुढे संपते. इंजिन तापलं हे ईसीयूला सांगणार कूलंट सेन्सर.

या सेन्सरच्या पोटात एक साधा रोधक असतो. थंड असताना त्याचा विरोध जास्त, गरम झाल्यावर कमी. जपानी घराण्याच्या गाड्यांत २० अंशांना साधारण दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असा तो उतरतो. आता या वायरीच्या कपलरला गंज चढला तर काय होईल? गंजाचा विरोध सेन्सरच्या विरोधात मिळेल, बेरीज वाढेल आणि ईसीयूला वाटेल की इंजिन थंड आहे. वायर पूर्ण तुटली तर आकडा उणे चाळीसपर्यंत जातो. जिंतूरच्या मे महिन्यात उणे चाळीस! पण पूर्ण तुटलेली वायर ईसीयू ओळखतो. तो ‘चेक इंजिन’चा दिवा लावतो आणि अंदाजाने एक तापमान धरून गाडी चालू ठेवतो. खरा त्रास अर्धवट खोट्याचा. सेन्सर नव्वदऐवजी पन्नास सांगतो. पन्नास हे अशक्य तापमान नाही, त्यामुळे अनेक जुन्या गाड्यांत दिवा लागत नाही आणि कोडही येत नाही. गाडी फक्त पेट्रोल पीत राहते.

आता ती साखळी. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी तेच वर्षानुवर्षं ओतलं की आत क्षार साचतात. काही सेन्सरच्या टोकावर बसतात, काही रेडिएटरच्या नळ्यांत. रेडिएटर तुंबला की उन्हाळ्यात गाडी हीट मारते. गाडी हीट मारते म्हणून गॅरेजमध्ये सोपा उपाय होतो: थर्मोस्टॅट वॉल काढून टाकायचा. इंजिन ऐंशी-ब्याऐंशी अंशांपर्यंत तापेस्तोवर हा वॉल पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि हीट मारणं काही दिवस थांबतं. मालक खूश होतो.

दिवाळीनंतर मात्र पहाटे गारठा पडतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडीवर येतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागतो आणि थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन साठ अंशांच्या वर जातच नाही. सेन्सर इथे खरंच बोलतो, इंजिन खरोखर थंड असतं. ईसीयू नियमाप्रमाणे जादा पेट्रोल देत राहतो. त्यामुळे बिघाड हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात लपतो, आणि ‘गाडीचं काही कळत नाही’ असं होऊन बसतं. काढलेला थर्मोस्टॅट ही दुरुस्ती मानू नये, असं माझं ठाम मत आहे. रेडिएटर साफ करून घ्यावा, योग्य कूलंट भरावं आणि नवा वॉल बसवावा. तो फार महागही नसतो.

हे तपासायला यंत्र लागत नाही. थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड पाइप हाताने चाचपत राहा, पंख्यापासून हात आणि कपडे लांब ठेवून. वॉल चांगला असेल तर पाइप काही मिनिटं थंडच राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर वॉल काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. स्कॅनर असेल तर आणखी सोपी पारख आहे. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवायची आणि कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी पाहायचं. दोन्ही जवळपास सारखे हवेत. बाहेर बारा अंश आणि कूलंट सेन्सर म्हणतो उणे पाच, तर खोटं कोण बोलतंय ते कळलं.

डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आहे म्हणून सेन्सर ठीक, असं मात्र धरू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो.

ऑक्सिजन सेन्सर मेला तरीही ट्रिम गोठते. हा सेन्सर तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही. त्याच्या आत हीटर असेल आणि तो जळाला असेल तर आयडलवर, गर्दीत तो थंड पडतो आणि चिठ्ठी येणं थांबतं.

चौकट: पैसे खर्च करण्याआधी

• सगळे प्लग काढून ओळीने ठेवा. फिकट तपकिरी किंवा करडा रंग चांगला. सगळेच काजळलेले असतील तर कारण सामाईक आहे. एकच काळा किंवा ओला असेल तर त्याच सिलेंडरचा इंजेक्टर किंवा ठिणगी पाहा.
• ऑईलची कांडी हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर ऑईलमध्ये पेट्रोल उतरलंय.
• व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या वाकवून पाहा. भेग असेल तर वाकवल्यावर दिसते.
• बॅटरीची आणि इंजिनची अर्थची जोडणी उघडून घासा.
• ईसीयूच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका. डिजिटल मल्टिमीटरच वापरा.
• पेट्रोलचा पाइप सोडायचा असेल तर आधी दाब उतरवा, इंजिन थंड असू द्या. तीन बारची पिचकारी गरम सायलेन्सरवर पडली तर गाडी पेटते.

मागच्या दाराने येणारं पेट्रोल

ट्रिम उणे असेल तर ईसीयूच्या हिशोबात न धरलेलं पेट्रोल शोधायचं. पहिला संशय फ्युएल प्रेशर रेग्युलेटरवर. जुन्या पद्धतीत हा इंजेक्टरच्या नळीवर बसतो आणि त्याला इनटेकमधून एक बारीक व्हॅक्यूम नळी जोडलेली असते. त्याच्या आत रबरी पडदा आहे. पडदा फाटला की पेट्रोल त्या नळीतून सरळ इनटेकमध्ये ओढलं जातं. नळी काढा. आत ओल किंवा पेट्रोलचा वास आढळला तर निदान तिथेच झालं. नवीन गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, तिथे ही परीक्षा चालत नाही.

दुसरा संशय टपकणाऱ्या इंजेक्टरवर. त्याची खूण वेगळी आहे. तापलेली गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी चालू करायला गेलं की स्टार्टर खूप मारावा लागतो आणि पहिल्या क्षणी काळा धूर येतो. मधल्या वेळात पेट्रोल आत ठिबकलेलं असतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला तर पुष्कळ गाड्यांत ईसीयू पेट्रोल थांबवतो आणि आतलं बाहेर पडायला वाव मिळतो.

तिसरा संशय कोळशाच्या डब्यावर. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती या डब्यात साठवतात आणि इंजिन चालू असताना थोडी थोडी ओढून जाळतात. ओढणारा वॉल उघडाच अडकला तर वाफ सतत येत राहते. पंपावर नोझल खटकन बंद झाल्यावरही ‘पाचशेचं पूर्ण करा’ म्हणून जे वरचं पेट्रोल भरलं जातं, ते या डब्यात उतरू शकतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तर ही सवय सोडलेलीच बरी.

मॅप सेन्सरही इथेच येतो. इंजिन आयडलवर असताना इनटेकमध्ये पोकळी असते आणि दाब कमी असतो. मॅप सेन्सरची नळी निखळली किंवा चिरली तर त्याला बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब दिसतो. ईसीयूला वाटतं चालकाने पाय पूर्ण दाबलाय आणि तो चढावर देतात तेवढं पेट्रोल सोडतो. मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो की जास्त झालं, आणि ईसीयू दोन चिठ्ठ्यांच्या मधे अडकतो. कपात करायला त्याला मर्यादा आहे, बहुधा वीस-पंचवीस टक्क्यांची. ती संपली की दिवा लागतो आणि ज्या गाड्यांत प्रमाणित कोड आहेत तिथे पी०१७२ हा कोड उमटतो.

अर्थची जोडणी चौकटीत का आली तेही सांगायला हवं. सेन्सरचा अर्थ गंजला की सिग्नलचं व्होल्टेज थोडं वर उचललं जातं. कूलंट सेन्सरचं व्होल्टेज वाढणं म्हणजे इंजिन थंड आणि मॅपचं वाढणं म्हणजे हवा जास्त. दोन्ही चुका एकाच बाजूच्या, पेट्रोल वाढवणाऱ्या. सोयाबीनची पोती ठेवलेल्या वाड्यात गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही याच यादीत घ्या.

ऑक्सिजन खरा, अर्थ खोटा

ट्रिम अधिक आणि प्लग काळे, हा प्रकार सर्वांत जास्त चकवतो. इथे ऑक्सिजन सेन्सर म्हातारा होऊन कमी व्होल्टला खिळलेला असू शकतो. पण पुष्कळदा तो प्रामाणिकच असतो. एक्झॉस्टच्या पाइपला सेन्सरच्या अलीकडे बारीक चीर पडलेली असते. धुराचे झोत थांबून थांबून जातात आणि दोन झोतांच्या मधे त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो तसं सांगतो, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो.

मिसिंगचंही तसंच. एका सिलेंडरला ठिणगी पडली नाही तर त्यातलं पेट्रोल तर वाया गेलंच, पण त्याच्यासोबतचा ऑक्सिजनही न वापरता बाहेर आला. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. म्हणून जळालं नाही ते पेट्रोल त्याला कळत नाही, उरलेला ऑक्सिजन कळतो. तीन सिलेंडरच्या मारुती ८०० मध्ये एक प्लग मेला तर बाकीच्या दोघांना त्याची शिक्षा मिळते. नवा सेन्सर बसवूनही फरक पडला नाही, अशा तक्रारींमागे हे कारण असू शकतं. आधी प्लग, वायर, कॉइल आणि एक्झॉस्टची गळती पाहावी आणि सेन्सर त्यानंतर बदलावा.

पीयूसी केंद्रातलं चार वायू मोजणारं यंत्र इथे फार उपयोगी पडतं. सीओ जास्त आणि ऑक्सिजन जवळपास नाही, तर गाडी खरोखर रिच आहे. एचसी (म्हणजे न जळालेलं पेट्रोल) आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त पण सीओ कमी, तर मिसिंग आहे. भारत स्टेज-२ आणि ३ च्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर सीओची मर्यादा ०.५ टक्के आहे आणि स्टेज-४ ला ०.३ टक्के. पास-नापास एवढंच न विचारता आकडे लिहून घ्या, मेकॅनिकला ते एक्स-रेसारखे कामी येतात.

एलपीजी किंवा सीएनजीचं किट बसवलेल्या गाडीत एक गोष्ट आधी पाहावी. गॅसवर चालताना ईसीयूने गोंधळू नये म्हणून काही किटांत ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत एक छोटी पेटी जोडतात. ती ईसीयूला बनावट सिग्नल देते. पेटी बिघडली किंवा किट काढताना तशीच राहून गेली तर पेट्रोलवरही बनावट चिठ्ठ्या येत राहतात.

ज्यांच्यावर उगाच आळ येतो

एअर फिल्टर तुंबला की गाडी रिच होते, हे कार्बोरेटरच्या काळात खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत दाब किंवा हवा फिल्टरच्या पलीकडे मोजली जाते. हवा कमी आली की पेट्रोलही त्या मानाने कमी होतं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं होतं. इंजेक्शनच्या गाड्यांत घाण फिल्टरने पिकअप कमी झाला, पण पेट्रोलच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काळ्या मातीच्या धुळीत आणि जिनिंगच्या कापसाच्या तंतूंत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळेवर बदलायलाच हवा, पण काजळीचा दोष त्याच्या माथी मारू नये.

दुसरा आळ हल्ली इथेनॉलवर येतो. २०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जातं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज त्याने सहा-सात टक्के कमी होऊ शकतं. सोळाचं पंधरा झालं तर ते इथेनॉलमुळे असू शकेल, अकरा झालं तर नाही. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो इथेनॉलला नऊ किलोच हवा लागते आणि वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या हिशोबाने चालणाऱ्या गाडीत हे पेट्रोल मिश्रण पातळ करतं, रिच करत नाही. ईसीयू मग मात्रा थोडी वाढवतो, म्हणून आज जुन्या गाडीत ट्रिम अधिक पाच ते आठ टक्के दिसली तर तो बिघाड नव्हे. रबरी नळ्या, सील आणि टाकीतला जुना गाळ यांवर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो. तो विषय स्वतंत्र आहे.

दुरुस्ती झाल्यावर

रिच चालणारी गाडी चालवत राहण्याचं नुकसान ॲव्हरेजपुरतं नसतं. जादा पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन नेतं, रिंगा आणि बोअर झिजतात. न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. त्या उष्णतेने आतली जाळी वितळते, सायलेन्सर चोक होतो आणि गाडी चढावर दम टाकते. आणि सीओला वास नसतो. दार लावलेल्या शेडमध्ये अशी गाडी चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

खरं कारण सापडून दुरुस्त झालं तरी दोन कामं उरतात. ऑईल बदलावंच लागतं. ऑईलमध्ये मुरलेलं पेट्रोल इंजिन तापलं की वाफ होऊन ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इनटेकमध्ये येतं, आणि गाडी दुरुस्त होऊनही काही दिवस रिच दाखवते. दुसरं, ईसीयूने आजारपणात शिकलेली सावकाश ट्रिम पुसायला हवी. स्कॅनरने ते लगेच होतं. तो नसेल तर बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीची उणे वायर काही मिनिटं काढून ठेवली तरी चालतं. त्यानंतर एक-दोन दिवस आयडल थोडं वर-खाली होईल. थांबत, पळत, चढ-उतारावर अशी गाडी नेहमीसारखी वापरली की ईसीयू नव्याने शिकतो. काजळलेले प्लग साफ करून किंवा बदलून लावावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा काढून त्यांचा रंग पाहावा.